शिकलगार बाईंची बिनपगारी रजा

बाळंतपणाची सोडली, तर छत्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलगार बाईंनी मोठी रजा अशी एकदाही घेतली नाही. घेतली ती निवृत्त झाल्यावर, आणि तीही रीतसर अर्ज करून. रजेचं कारण काय, तर एक वर्ष टांझानियात राहून बिनपगारी शिकवणे. आमच्या माण तालुक्यातली माणसं मुंबईला जातात, फौजेत जातात, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. पण पेन्शन सुरू झाल्यावर कुणी आफ्रिकेत मास्तरकी करायला गेल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. बाईंना ही बुद्धी माझ्यामुळे सुचली असं वाडीत मानतात. त्यात तथ्य आहे, पण माझा गुन्हा किरकोळ आहे. तो ओघात येईलच.

मी मूळचा साताऱ्याचा. सहा वर्षांपूर्वी दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीवर, दोनशिक्षकी शाळेत माझी नेमणूक झाली. डी.एड.ला चांगले मार्क, बॅगेत स्वतः रंगवलेले तक्ते, आणि या शाळेचं आता भलं होणार अशी खात्री, एवढं घेऊन मी रुजू झालो. आत शिरलो तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर पाण्याची कळशी ठेवलेली आणि मुख्याध्यापिका पहिलीच्या पोरांत जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. ठेंगणी, काटक बाई. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, चष्म्याला काळी दोरी. दुसरी खुर्ची कुठं दिसते का म्हणून मी पाहिलं. होती, पण तिच्यावर पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं होतं. मी निमूट खाली बसलो.

"सर, आठ दिस तुमी काय शिकवू नका," बाई म्हणाल्या. "निस्ती वळख करून घ्या."

बाईंच्या हिशेबी ओळख म्हणजे नावं पाठ करणं नव्हे. कुणाची आई कोण, कुणाच्या घरची शेळी व्याली, कोण डाव्या हातानं लिहितं, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही पण सांगायची लाज वाटते, कुणाचा बाप मुंबईहून कधी येतो आणि आल्यावर पोर शाळेत का येत नाही, हे सगळं त्यात आलं. नवव्या दिवशी बाईंनी माझी तोंडी परीक्षा घेतली. मी दोन पोरांत नापास झालो, म्हणून मला आणखी चार दिवस मिळाले. माझे रंगीत तक्ते तोवर बॅगेतच होते, आणि पुढे उंदरांनी त्यांचा निकाल लावला.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनीच मला सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी त्या शाळेत आल्या तर निम्मा वर्ग रिकामा. माणसं मेंढरं घेऊन खाली उतरली होती आणि पोरंही त्यांच्याबरोबर गेली होती. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या, मिरजेच्या गल्लीत वाढलेल्या. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी त्या विचारत विचारत मेंढपाळांच्या तळावर जाऊन पोचल्या. संध्याकाळी मेंढरं परत येत होती आणि म्हाकूआबा नावाचा एक धनगर वाटेत उभा राहून नुसता बघत होता. मध्येच तो म्हणाला, एक कमी हाय, आणि उलटा माळाकडे चालू लागला. बाईंनी विचारलं, आबा, तुम्ही मोजली कधी? आबा म्हणाला, "मेंढरं मोजायची नसत्यात बाई, वळखायची असत्यात. मोजणाऱ्याला निस्तं कळतं, एक गेलं. कंचं गेलं ते वळखणाऱ्यालाच कळतं."

तेव्हापासून बाईंनी पोरं मोजली नाहीत. हजेरीपटावर आकडा लिहावा लागे म्हणून लिहीत, पण तोंडानं कधी सांगत नसत. एकदा शिक्षण खात्याचे साहेब अचानक आले. गाडीतून उतरता उतरताच त्यांनी विचारलं, पट किती, हजर किती? बाई म्हणाल्या, "सोनाली न्हाई, तिच्या भावाला ताप हाय. बिरदेव न्हाई, त्यो दुपारी येतोय. बाकी हाईत." साहेबांनी पुन्हा आकडा विचारला. बाईंनी पुन्हा सोनाली आणि बिरदेवच सांगितले. शेवटी साहेबांनी स्वतः डोकी मोजली आणि दोनदा मोजूनही त्यांचा मेळ बसेना, कारण तेवढ्यात बिरदेव खिडकीतून आत आला होता.

मेंढरांबरोबर जाणाऱ्या पोरांच्या मागे बाई वर्षानुवर्षं फिरल्या. कुठला तळ कुठल्या महिन्यात कुठल्या गावाच्या शिवारात असतो हे त्यांना तोंडपाठ. त्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना आधीच फोन जायचा, की माझी तीन पोरं पंधरा दिवस तुमच्याकडं येत आहेत, बसवून घ्या, मागे बसवू नका. ज्या तळाजवळ शाळाच नसे तिथे शनिवारी शाळा सुटली की बाई स्वतः जात. पाटी बहुधा नसेच, खडे मात्र मुबलक. कुठल्याही पोराला काही बरोबर आलं, तर शाबास म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. त्या फक्त म्हणायच्या, "आता मला शिकव." आणि पोरगं त्यांना शिकवायला लागलं की खरंच काही ठाऊक नसल्यासारख्या ऐकत बसायच्या. मला आधी ते नाटक वाटायचं. पुढे लक्षात आलं की बाईंना त्यात मनापासून मजा येते.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. पोरांसमोर मी "आवं सर" असायचो आणि शेवटची घंटा झाली की त्याच क्षणी "अरं परसाद" व्हायचो. घंटेआधी माझी चूक दिसली तर गप्प, घंटेनंतर मात्र सगळी उधारी फेडली जायची. तुझा आवाज लय मोठा हाय रं, पोरं दबत्यात. तू फळ्याशी बोलतोस, पोरांशी न्हाई. आज त्या संगीकडं तू दिवसभरात एकदा बी बघितलं न्हाईस. मी चिडायचो. चिडलो की भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे यायची, आणि माणसाला खाताना चिडता येत नाही.

आता माझा गुन्हा. परदेशात वर्षभर स्वयंसेवक शिक्षक म्हणून जायचं, जग बघायचं, हे माझं स्वप्न होतं. इंग्रजीत त्याला गॅप इयर म्हणतात आणि तो शब्द मी बाईंसमोर फार वापरायचो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मोबाईलवर एका संस्थेची जाहिरात आली. टांझानियात गुरं राखणाऱ्या लोकांच्या भागातल्या एका शाळेसाठी अनुभवी प्राथमिक शिक्षक हवे होते. जाणं-येणं आणि राहणं संस्थेकडे, पगार नाही. मी जेवणाच्या सुट्टीत ती रुबाबात मोठ्यांदा वाचून दाखवली. त्यात एक ओळ होती, की सुक्या महिन्यांत मुलं गुरांबरोबर दूर जातात आणि शाळा ओस पडते. बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली आणि मग तीन प्रश्न विचारले. किती दूर जातात? मागे कोण जातं? आणि वयाची अट काय हाय?

वयाची अट साठ होती. बाई मे महिन्यात अठ्ठावन्न पुऱ्या करून निवृत्त होणार होत्या. माझा स्वतःचा अर्ज तेव्हापासून आजतागायत अर्धा भरून पडला आहे, कारण आधी परीक्षा होती, मग माझं लग्न ठरलं, मग पाऊस लांबला. बाईंचा अर्ज मात्र मी त्याच आठवड्यात भरून दिला.

तयारी सुरू झाली. पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आले, त्यांनी जन्मतारीख विचारली, बाई म्हणाल्या एक जून. पोलिसानं वर बघितलं आणि खरी सांगा म्हणाला. बाई म्हणाल्या, आमच्या गुरुजींनी लिहिली तीच खरी, तुमची कुठली? तोही एक जूनचाच निघाला. चौकशी तिथेच संपली आणि चहा झाला.

इंग्रजीचं काम माझ्याकडे होतं. मी पन्नास वाक्यं लिहून दिली. बाईंनी ती चार दिवस वाचली आणि चारच ठेवली. तुझं नाव काय, हे काय आहे, मला दाखव, मला शिकव. एवढ्यावर शाळा चालते, असं त्यांचं मत पडलं. बाकी सगळं पोरांना बोलू द्यायचं, मास्तरनं कशाला बोलायचं? ती चार इंग्रजी वाक्यं त्या वाडीभर वापरत हिंडल्या. दळण आणायला आलेल्या बायका, टपाल आणणारा, एसटीचा कंडक्टर, कुणी सुटलं नाही. म्हाकूआबा आता नव्वदीला टेकलेत आणि बाई त्यांच्याच आवारातल्या खोलीत इतकी वर्षं भाड्यानं राहत होत्या. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, बाईची तब्येत बरी हाय न्हवं? मी सगळं सांगितलं. आबांनी विचार करून एकच शंका काढली, की तिकडं पाऊस कसा हाय. मी म्हणालो, आपल्या माण तालुक्यासारखाच. मग बाईला तरास न्हाई, असं म्हणून ते निघून गेले.

मुलाखत एप्रिलमध्ये, संगणकावर झाली. वाडीत रेंज दगा देते म्हणून दहिवडीत माझ्या खोलीवर. पडद्यावर दोघी होत्या, संस्थेच्या पुण्याच्या एक मॅडम आणि तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, धिप्पाड, हसऱ्या. मी कॅमेऱ्याच्या आड उत्तरांचे कागद धरून बसलो होतो. पुण्याच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, आजवर किती विद्यार्थ्यांना शिकवलंत? माझ्या कागदावर मोठा आकडा लिहिलेला होता. मी तो हलवून हलवून दाखवला. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपण मोजत नाही असं त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, नावं सांगू का म्हणाल्या, आणि पहिल्या वर्षापासून नावं सांगायला सुरुवात केली. मॅडम थांबवत होत्या, बाई थांबत नव्हत्या. मी कागद खाली ठेवला आणि पुढच्या वर्षी दुसरी संस्था बघू असं मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात तिकडच्या मुख्याध्यापिका पुढे झुकल्या. त्यांच्या शाळेतली मुलंही गुरांमागे जातात, असं सांगून त्यांनी विचारलं, तुमची मुलं अशी निघून जातात तेव्हा तुम्ही काय करता?

बाई म्हणाल्या, "आय गो आल्सो."

तिकडच्या बाई एवढ्या मोठ्यांदा हसल्या की माझ्या लॅपटॉपचा आवाज फाटला. पंधरा दिवसांत निवडीचं पत्र आलं. सप्टेंबरात निघायचं होतं.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. खरी अडचण घरात होती, आणि ती बाईंनी तोवर कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

बाईंचं घर मिरजेत. यजमान तंबोरे बनवायचे. फार कमी बोलणारा माणूस, आठ वर्षांपूर्वी गेले. मुलगा एकच, यासीन. बाईंची नोकरी माणमध्ये आणि घर मिरजेत, मधे चार तासांची एसटी. म्हणून यासीन लहानाचा मोठा झाला आजीपाशी. बाई शनिवारी संध्याकाळी यायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायच्या. वाडीत कुणाचं पोर आजारी असलं किंवा तळावर जायचं असलं, की तो शनिवारही चुकायचा. यासीन आता पुण्यात एका कंपनीत आहे. त्याची बायको शबाना, मुलगा अयान चार वर्षांचा. आई निवृत्त झाली की पुण्याला येणार, अयानला सांभाळणार, हे त्या घरात ठरल्यातच जमा होतं. बाईंनी त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

जूनमध्ये बाई मिरजेला राहायला गेल्या आणि त्यांनी यासीनला पत्र दाखवलं. मी त्या दिवशी सामानाचा टेंपो घेऊन गेलो होतो, म्हणून नेमका तिथे होतो. यासीन चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. ते दोघं आपसात घरच्या बोलीत बोलत होते, पण हे मात्र तो मराठीत बोलला, बहुधा मीही ऐकावं म्हणून. "सर, आमच्या अम्मीनं अख्ख्या तालुक्याला शिकवलं. मला एक अक्षर शिकवलं नाही. मी तक्रार केली नाही. पण आता माझ्या पोराच्या वाट्याचं वर्षसुद्धा आफ्रिकेला?"

बाई आत गेल्या आणि बराच वेळ भांडी लावत बसल्या. यासीन त्याच दिवशी पुण्याला गेला.

आठवड्यानं त्यांचा मला फोन आला, की तिकडच्या बाईंना कळवून टाक, जमत नाही म्हणून. मी कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. दोन दिवसांनी विचारलं, मी म्हणालो रेंज नाही. चार दिवसांनी विचारलं, मी म्हणालो लाईट नाही. "अरं परसाद," बाई म्हणाल्या, "तुला धड खोटं बी बोलता येत न्हाई. तुला शिकवायचं राहिलंच." मग म्हणाल्या, नको कळवू. मी आधी यासीनकडं अर्ज टाकते.

मला वाटलं चेष्टा आहे. पण बाईंनी खरोखर फुलस्केप कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि पंचायत समितीकडे पाठवतात तसा अर्ज लिहिला. प्रति, माननीय यासीन शिकलगार, पुणे. विषय, एक वर्षाची बिनपगारी रजा मिळणेबाबत. आणि तो टपालानं पाठवला, कारण अर्ज हा टपालानंच जातो. मजकूर त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला होता. त्यात लिहिलं होतं, की रविवारी मी घरी असायची, बाकीचे सहा दिवस मी काय करत होते ते तुला कधी दाखवलं नाही, ही माझी चूक आहे. ती कबूल आहे. मी जत तालुक्यातल्या एका कानडी शाळेत एक दिवस शिकवून बघणार आहे. तिथं मला कुणी ओळखत नाही आणि मला त्यांची भाषा येत नाही. तू ये आणि बघ. त्यानंतर मंजूर कर किंवा फेटाळ. फेटाळलास तर मी पुण्याला येते आणि मनात काही ठेवत नाही.

पुण्याहून उत्तर नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बाई म्हणायच्या, वरिष्ठ कार्यालय हाय, येळ लागायचाच. पण टपालवाल्याची सायकल दिसली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. जुलैमध्ये एका शुक्रवारी यासीन गाडी घेऊन मिरजेत हजर झाला आणि म्हणाला, उद्या जायचंय ना जतला?

त्या शाळेतले गुरुजी माझ्या ओळखीचे होते, म्हणून मीही बरोबर होतो. बाईंनी आधी मला उभं केलं. मी कानडी पोरांपुढे इंग्रजीत एक नाचगाणं केलं. पोरांनी ते अत्यंत सभ्यपणे पाहिलं, आणि एक पोर रडायला लागलं. मग बाई उठल्या. फळ्याकडे गेल्याच नाहीत. पहिलीच्या रांगेत एक जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसल्या. शेजारच्या मुलीनं ही कोण म्हणून बघितलं. बाईंनी खिडकीखालचा एक खडा उचलला, तिच्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या. ती म्हणाली, कल्लु. बाईंनी म्हणून बघितलं, त्यांना ते जमलं नाही, वर्ग हसला. त्या मुलीनं त्यांच्याकडून ते पाच वेळा म्हणवून घेतलं. मिरजेत लहानाच्या मोठ्या होऊनही बाईंचं कानडी बाजारात भाव करण्यापुरतं होतं, त्यामुळे हे नाटक नव्हतं. मग खडे वाढत गेले. दहापर्यंत कानडी आकडे बाई शिकल्या. मग सात खडे मांडून त्या आठ म्हणाल्या. अख्खा वर्ग ओरडला. किती कमी पडले ते एक पोर पुढे येऊन दाखवून गेलं. बाई पुन्हा चुकल्या, दुसरं आलं. तासाभरात पोरांना कळलं होतं की या म्हातारीला काहीच येत नाही आणि हिला आपण शिकवलंच पाहिजे, आणि त्या नादात सगळी पहिली-दुसरी बेरीज-वजाबाकी करत होती. रडणारं पोर सगळ्यात पुढे होतं.

यासीन मागे भिंतीला टेकून उभा होता. बाईंच्या शेजारच्या मुलीला तो दिसला. हा कोण, असं तिनं खुणेनं विचारलं. बाईंनी हातानंच आपल्या पोटाकडे आणि मग त्याच्याकडे बोट केलं. मुलीनं त्याला दटावून बोलावलं आणि खाली बसवलं. तेहतीस वर्षांचा, बूट घातलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला. मुलीनं त्याच्यापुढे खडे मांडले. तो अडखळत, बोटांवर, दहापर्यंत बरोबर पोचला. बाईंचं लक्ष खड्यांवर होतं. त्यांनी इतर पोरांना म्हणतात तसंच, मान वरही न करता म्हटलं, "आता मला शिकव."

यासीननं खडे पुन्हा पहिल्यापासून मांडले आणि आईला एकेक आकडा सांगायला लागला. बाईंनी तेव्हा वर बघितलं. मग त्याच्या मागोमाग आकडे म्हणत गेल्या. मी बाहेर जाऊन हापशावर तोंड धुतलं. खरं सांगायचं तर तोंड धुण्याचं काही कारण नव्हतं.

परतताना कवठेमहांकाळला चहाला थांबलो. यासीननं खिशातून घडी केलेला अर्ज काढला, आईकडून तिचा लाल पेन मागून घेतला आणि टेबलावरच शेरा मारला. मंजूर. अटी: रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेणे, अयानला रोज फोन करणे, आणि निघण्यापूर्वीचे दोन महिने पुण्यात हजर राहणे. खाली सही आणि तारीख. बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. डोळे भरले होते, पण सवय जाते कुठे. जावक क्रमांक टाकला न्हाईस, म्हणाल्या. यासीननं १ हा क्रमांक टाकला.

ते दोन महिने बाई पुण्यात होत्या. टांझानियाची तयारी आता शबानाच्या हातात गेली आणि तिनं ती माझ्यापेक्षा दसपटीनं चांगली केली. पिवळ्या तापाची लस, गोळ्यांचे वर्षाचे डबे, मच्छरदाणी, शेंगदाण्याची चटणी हवाबंद. म्हाकूआबांनी वाडीतून माझ्याबरोबर काळी घोंगडी पाठवली. वजन जास्त झालं तेव्हा बाईंनी दोन साड्या काढल्या आणि घोंगडी ठेवली. मधे एकदा मी गेलो तर अयान बाईंना मोबाईलवरचा कसलासा खेळ शिकवत होता आणि बाई दर डावाला हरत होत्या.

निघायच्या दिवशी मी मुंबईच्या विमानतळावर बॅगा उचलायला म्हणून गेलो होतो. दुपारचं विमान होतं. शबाना आणि अयान पुण्यातच निरोप घेऊन थांबले होते. दारात बाईंनी यासीनच्या डोक्यावरून हात फिरवला, मला नीट खात जा म्हणाल्या, ट्रॉली स्वतःच ढकलत आत गेल्या. आम्ही दोघं काचेबाहेर उभे राहिलो. आत लांब रांग होती आणि त्या रांगेत ती ठेंगणी आकृती अधूनमधून दिसायची, अधूनमधून दडायची. मी म्हणालो, चला, आता वेळ लागेल, पार्किंगचे पैसे वाढतील.

यासीन काचेला चिकटून उभा होता. म्हणाला, "थांबा सर. लहानपणी सोमवारी अम्मी मला झोपेत ठेवूनच जायची. मी रडेन म्हणून. जाताना तिला मी आज पहिल्यांदा बघतोय."

आत बाईंनी मागे वळून पाहिलं. काचेपाशी यासीन दिसला तशी त्यांनी हात वर केला. त्यानंही केला. रांग पुढे सरकली. बाईंनी मागच्या माणसाला हातानं पुढे जायला सांगितलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग त्याच्या मागच्या बाईला. मग एका जोडप्याला, मग त्यांच्या मागच्यांना. एकेक जण त्यांना वळसा घालून पुढे जात होता, आणि बाई ट्रॉलीला पाठ लावून, हात हलवत उभ्या होत्या.